सात महिने प्रेडनिसोलोन: चिंगीची खाज गेली, पण पाण्याचं भांडं पुरेना

माझ्या कुत्रीच्या, चिंगीच्या, लघवीच्या कल्चरचा (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट गेल्या आठवड्यात आला. ज्या गोळीला मी सात महिने बोल लावत होते, तिच्याबद्दल नीट लिहायला हवं, असं तो वाचून वाटलं. प्रेडनिसोलोन म्हणजे सूज आणि खाज दाबणारं स्टिरॉइड, ॲलर्जीने खाजणाऱ्या कुत्र्यांना देतात ते. आता थेट अनुभवावर येते.

गोळी सुरू होण्याआधी चिंगीने पंजे चाटून चाटून तिथले केस तांबडे केले होते. काखा आणि पोट लाल, कानात सारखा मळ. पिसवांचं औषध वेळच्या वेळी चालू होतं. आठ आठवडे वेगळ्या प्रथिनाचं पथ्यही काटेकोर पाळून झालं होतं, फरक शून्य. डॉक्टरांनी गोळी लिहिण्याआधी त्वचा खरवडून तपासली, तेव्हा मला तो उशीर नकोसा झाला होता. आता त्याचं मोल कळतं. डेमोडेक्सचे, म्हणजे त्वचेत राहणारे बारीक किडे असताना स्टिरॉइड दिलं तर ते आणखी फोफावतात.

वजन 20 किलो, म्हणून रोज सकाळी खाण्याबरोबर 10 मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे अर्धा. दुसऱ्या रात्री मला जाग आली ती शांततेने. खाजवताना वाजणारा तिचा गळपट्टा वाजतच नव्हता. ती आडवी पडून गाढ झोपली होती. मी अंधारात तिच्याशेजारी बसून राहिले. त्या रात्री या गोळीला मी दहापैकी दहा दिले असते.

चौथ्या दिवसापासून पाणी सुरू झालं.

भांडं भरावं आणि वळून पाहावं तर रिकामं. मी मापाच्या भांड्याने मोजून वहीत लिहू लागले. आधी दिवसाला 1 लिटरच्या आसपास पिणारी चिंगी सव्वादोन लिटरवर गेली. किलोमागे दिवसाला 100 मिलिलिटरच्या वर गेलं की ते जास्तच समजतात. रात्री दोनदा-तीनदा बाहेर नेणं आलं, तरी पहाटे गादी ओली. ती कोपऱ्यात मान खाली घालून उभी राहायची, ते पाहवत नसे. एका रात्री मी भांडं उचलून ठेवलं आणि ते फार चुकलं. मूत्रपिंडांनी पाणी धरून ठेवावं म्हणून शरीरात जो संप्रेरकाचा निरोप जातो, त्यात स्टिरॉइड आड येतं. लघवी आधी वाढते, तहान तिच्यामागून येते. पाणी अडवलं तर कुत्रं कोरडं पडतं, लघवी थांबत नाही. भूक वाढली, धाप लागू लागली, पोट थोडं सुटलं, पण त्याचं मला इतकं वाटलं नाही. माझं सगळं लक्ष त्या भांड्याकडे.

तिसऱ्या आठवड्यात वैतागून गोळी बंदच करायला निघाले होते. डॉक्टरांनी फोनवरच थांबवलं. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी स्वतःचं काम कमी करतात. गोळी एकदम तोडली तर शरीर उघडं पडतं. म्हणून डोस पायरीपायरीने उतरवत एक दिवसाआड केला. प्रेडनिसोलोनचा परिणाम साधारण 12 ते 36 तास टिकतो, त्यामुळे मधल्या दिवशी त्या ग्रंथींना जाग यायला वाव मिळतो. डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टिरॉइडचा परिणाम याहून लांबतो, म्हणून ते दिवसाआडच्या पद्धतीला चालत नाही.

इथेच माझं मत बदललं. दिवसाआड गोळीवर पाणी 1 लिटर 300 मिलिलिटरवर उतरलं. मग गादी ओली होणं थांबायला हवं होतं, ते थांबलं नाही. थोडी थोडी, पुन्हा पुन्हा लघवी. मी मात्र कित्येक आठवडे ‘स्टिरॉइडमुळेच’ म्हणत राहिले. शेवटी वहीतले आकडेच जुळेनात, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सुईने थेट मूत्राशयातून नमुना घेतला. कल्चरमध्ये जंतू निघाले. स्टिरॉइड सूज आणि दुखणं दाबून टाकतं, त्यामुळे इन्फेक्शन असूनही कुत्रं कळवळत नाही. म्हणून दीर्घकाळ गोळी चालू असलेल्या कुत्र्याची लघवी अधूनमधून कल्चरला पाठवावी, असं त्यांनी सांगितलं.

माझा राग आता गोळीवर नाही. आधीच्या दवाखान्यात हे कोणी एका शब्दाने बोललं नाही. चिंगीला न पाहताच पुढच्या महिन्याच्या गोळ्या लिहून मिळत होत्या. मध्ये ती लंगडत होती तेव्हा तिथेच मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामकही लिहून दिलं. स्टिरॉइडसोबत ते दिलं तर पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. मी चिठ्ठी वाचून विचारलं म्हणून टळलं. पण न विचारणाऱ्यांच्या कुत्र्यांचं काय?

खाज झटकन आटोक्यात आणायला प्रेडनिसोलोनसारखं औषध मी पाहिलं नाही, आणि खाजेने बेजार झालेल्या कुत्र्याला ते नाकारू नये. वर्षभराच्या खाजेला मात्र पहिल्याच महिन्यात दुसरा पर्याय विचारा. मी विचारला नाही. खाज थांबवणारी ओक्लासिटिनिबची गोळी आहे, लोकिव्हेटमॅबचं इंजेक्शन आहे. हे इंजेक्शन खाजेचा निरोप नेणाऱ्या इंटरल्युकिन-31 ला पकडतं, साधारण महिन्यातून एकदा द्यावं लागतं आणि त्याने तहान वाढत नाही. आम्ही तिकडे वळतो आहोत. तोवर कल्चरनुसार निवडलेलं अँटिबायोटिक, आठवड्यातून दोनदा क्लोरहेक्सिडिनच्या जंतुनाशक शाम्पूने आंघोळ (फेस दहा मिनिटं तसाच ठेवून) आणि दिवसाआड फक्त 5 मिलिग्रॅम.

कालचं पाणी 1 लिटर 100. गादी कोरडी. रात्री गळपट्टा दोनदा वाजला, मग ती झोपली.