विजापूर की बीदर? दोनच दिवस हातात असतील तर

सोलापुरात राहिलं की हा फोन दर हिवाळ्यात येतो. पुण्या-मुंबईचं कुणीतरी विचारतं, "दोन दिवस सुटी जुळलीय, विजापूर करू की बीदर?" यंदा मावसबहिणीने विचारलं. सोबत दहा वर्षांचा मुलगा आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. दोन्ही गावं मी बऱ्याचदा केलीत. कधी पाहुण्यांना घेऊन, कधी एकटाच, आणि एकदा भर एप्रिलमध्ये, जे कुणीही करू नये.

उत्तर आधीच सांगून टाकतो. पहाटे उठायची तयारी असेल आणि जिने चढता येत असतील तर विजापूर. निवांत उठायचं असेल, गर्दी नको असेल आणि मोडकळीला आलेल्या भिंतींत रमता येत असेल तर बीदर. "जाता जाता दोन तासांत विजापूर उरकू" म्हणणाऱ्यांनी मात्र खुशाल पुढे बदामी-हंपीला जावं. विजापूरचं अर्धं वाईट नाव या दोन तासवाल्यांनीच केलंय.

कोण आधी, कोण नंतर

शाळेत आपण निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही, इमादशाही, बरीदशाही हे एका दमात घोकलेलं असतं. या पाचांची आई म्हणजे बहमनी राज्य. ते १३४७ साली गुलबर्ग्याला सुरू झालं आणि पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहाने राजधानी बीदरला हलवली. विजापूर ही त्यातल्या एका लेकीची, आदिलशाहीची राजधानी. १४९० च्या सुमारास सुरू झालेली आणि १६८६ मध्ये औरंगजेबाने संपवलेली.

तारखा पाठ करायची गरज नाही, पण दोन गावांत जो फरक जाणवतो तो इथूनच येतो. विजापुरातली पात्रं मराठी माणसाच्या ओळखीची. शहाजीराजे ज्या दरबारात होते तो हाच, अफजलखान निघाला तो इथूनच. दहा वर्षांच्या पोराला वेगळं काही समजवावं लागत नाही, उलट तोच तुम्हाला सांगत सुटतो. बीदरमध्ये तसं ओळखीचं कुणी भेटत नाही. फार तर बहमनी वजीर महमूद गावान, तोही परीक्षेपुरता लक्षात राहिलेला. तिथे गोष्ट सांगणारा माणूस सोबत लागतो किंवा आदल्या रात्री थोडं वाचून जावं लागतं.

गोलघुमट: सगळा खेळ वेळेचा

विजापूरला लोक गोलघुमटासाठीच जातात आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. मुहम्मद आदिलशहाची ही कबर. तो १६५६ मध्ये गेला. वरच्या घुमटाचा बाहेरून व्यास सुमारे ४४ मीटर, आणि खालच्या दालनात एकही खांब नाही. एकमेकांना छेदणाऱ्या कमानींनी चौकोनाचा हळूहळू गोल केलाय आणि त्या गोलावर हे सगळं ओझं बसवलंय. आत मधोमध चौथऱ्यावर बादशहा, त्याच्या बेगमा, मुलगी, नातू आणि रंभा नावाची नर्तकी यांच्या कबरी दिसतात. त्या नुसत्या दाखवायच्या, खऱ्या खाली तळघरात आहेत.

चार कोपऱ्यांना चार सातमजली मनोरे, आणि वर जायचे जिने त्या मनोऱ्यांच्या पोटातून. पायऱ्या शंभराच्या वर, अरुंद, गोल फिरणाऱ्या आणि काही चांगल्या उंच. वर पोचलं की घुमटाच्या आतून फिरणारा सज्जा लागतो, तीच ती कुजबुज गॅलरी. भिंतीला तोंड लावून पुटपुटलं तर पलीकडच्या टोकाला कान लावलेल्या माणसाला ते स्पष्ट ऐकू येतं. टाळी वाजवली तर तीच पुन्हा पुन्हा परत येते. सात वेळा म्हणतात, मला मोजता मोजता नेहमी चुकायला होतं.

आता खरी अडचण. दहा वाजले की शाळांच्या सहली येतात. दोनशे पोरं एकाच वेळी शिट्ट्या मारतात आणि प्रत्येक शिट्टी सात वेळा परतते. त्या गदारोळात कुजबुज कसली ऐकू येणार, शेजारी उभ्या बायकोचं बोलणं कळत नाही. मी एकदा पाहुण्यांना साडेअकराला वर नेलं आणि सगळे कान धरून खाली आले. हेच दार सूर्योदयाच्या सुमारास उघडल्या उघडल्या गाठलं तर वर तुम्ही आणि पारवे, एवढेच. सज्ज्यात बूट काढून चालताना मोज्यांचा आवाज घुमटात फिरतो. म्हणून विजापूर करायचं तर मुक्काम आदल्या रात्रीच हवा. सोलापूर शंभर किलोमीटरवर आहे म्हणून "सकाळी निघू" म्हणणारे बरोबर साडेअकरालाच पोचतात.

विजापुरात बाकी काय

मला विचाराल तर गोलघुमटापेक्षा इब्राहिम रोजा सरस आहे. गोलघुमट बघून माणूस "बाप रे" म्हणतो, रोजासमोर काही न बोलता बसतो. दुसरा इब्राहिम आदिलशहा आणि त्याची बेगम ताज सुलताना यांची ही कबर, १६२७ च्या आसपासची. एकाच जोत्यावर इकडे कबर, तिकडे मशीद, मध्ये हौद. खिडक्यांच्या दगडी जाळ्यांत अक्षरंच कोरलीत, म्हणजे उजेड आत येतो तो लिखाणातून गाळून. हा इब्राहिम संगीतवेडा. दख्खनीत पदं रचायचा, त्यांत सरस्वती आणि गणपतीला आळवायचा. जगद्गुरू म्हणायचे त्याला. किल्ल्याच्या आत पिंपळाखाली नृसिंह-दत्ताचं ठाणं आहे, तिथे दत्तभक्त आजही येतात आणि त्या जागेशीही इब्राहिमाचं नाव जोडतात.

मुलासाठी मुलूखमैदान तोफ चुकवू नका. सुमारे ५५ टनांचं हे धूड १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलं, पुढे परांड्याच्या किल्ल्यात होतं आणि तिथून विजापुरात ओढून आणलं. तोफेच्या तोंडाशी जबडा वासलेलं जनावर आहे आणि त्याच्या दातांत हत्ती चिरडलेला. ठोकली तर घंटेसारखी वाजते, पण राखणदाराच्या देखत ठोकू नका. बारा कमान म्हणजे दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धी राहिलेली कबर. शिवाजी महाराजांच्या काळातला अली तो हाच. पुऱ्या झाल्या असत्या तर गोलघुमट लहान दिसला असता, अशा बेताने उभारलेल्या या नुसत्याच काळ्या कमानी. संध्याकाळी बऱ्या वाटतात. जामा मशीद भव्य आहे, शुक्रवारची दुपार टाळा. गगन महाल, असर महाल, ताज बावडी पाहिल्या तर पाहिल्या.

विजापूरची खरी गैरसोय म्हणजे हे सगळं विखुरलेलं आहे. गोलघुमट पूर्वेला, रोजा पश्चिमेच्या वेशीबाहेर, मध्ये पाचेक किलोमीटर जिवंत, भोंगे वाजवणारं गाव. रिक्षा दिवसभरासाठी ठरवा आणि ठिकाणांची नावं आधी मोजून सांगा. मी एकदा "सगळं दाखवा" एवढंच बोललो होतो, तर रिक्षावाल्याने सगळ्यात आधी आपल्या मेव्हण्याचं साडीचं दुकान दाखवलं. टांगा मिळाला तर थोडं अंतर टांग्यानेही करावं.

बीदर: हळू पाहायचं गाव

बीदर पठाराच्या कडेला आहे, त्यामुळे हवा विजापूरपेक्षा बरी. किल्ला एवढा ऐसपैस की आत माणसं हरवल्यासारखी दिसतात. लाल जांभा दगड कापून काढलेला खंदक एका बाजूला तिहेरी आहे, म्हणजे तीन चर आणि त्यांच्यामध्ये तसेच ठेवलेले दगडाचे बांध. आत सोळा खांब मशीद, तख्त महालाचे अवशेष आणि रंगीन महाल. रंगीन महालात काळ्या दगडात शिंपले बसवून नक्षी केलीय. बोटाने पुसल्यासारखी गुळगुळीत, आणि उजेडाची तिरीप पडली की निळी-गुलाबी झाक मारते. पण दाराला बहुतेक वेळा कुलूप असतं. किल्ल्यातच जुन्या हमामखान्यात संग्रहालय आहे, तिथल्या कर्मचाऱ्यांना विनंती केली तर उघडून देतात. हे माहीत नसल्याने निम्मे लोक बाहेरूनच परत जातात, पहिल्या खेपेला मीही गेलो होतो.

गावात महमूद गावानचा मदरसा. इराणातून आलेला हा वजीर. १४७२ मध्ये त्याने तीन मजली विद्यालय बांधलं, दर्शनी भिंतीला निळ्या-पांढऱ्या-पिवळ्या चिनी मातीच्या फरशा जडवल्या. नऊ वर्षांनी खोट्या पत्रावरून सुलतानाने त्याचाच शिरच्छेद केला, आणि पुढे बहमनी राज्याच्या चिंधड्या झाल्या. औरंगजेबाच्या काळात, १६९६ मध्ये, इमारतीत बंदुकीच्या दारूचा स्फोट होऊन पुढचा अर्धा भाग उडाला. आज एकच मनोरा उभा आहे आणि फरशा तुकड्या-तुकड्यांनी उरल्यात. नीट राखलेल्या इमारतींचीच आवड असेल तर इथे निराशा होईल.

अष्टूरला मात्र जाच. गावापासून तीनेक किलोमीटरवर शेतांच्या कडेला बहमनी सुलतानांच्या कबरींची रांग आहे. एका घुमटाला वीज पडून उभी फाक पडलीय, आत कापल्या कलिंगडासारखी भिंतीची जाडी दिसते. लोक म्हणतात, इथला बहमनी सुलतान हुमायून जालीम होता म्हणून त्याच्यावरच पडली. शेजारी अहमदशहा वलीची कबर. बाहेरून साधी, आत काळोख. राखणदार दारात आरसा धरतो आणि ऊन आत फेकतो. त्या हलत्या कवडशात छतावरचं सोनेरी, शेंदरी, निळं लिखाण एकेक ओळ उजळत जातं. मोबाइलच्या टॉर्चमध्ये हे होत नाही, म्हणून ऊन असताना जा. याच अहमदशहाला हिंदूही मानतात. उरूस होळीनंतर हिंदू पंचांगाप्रमाणे भरतो आणि त्यात जंगमांचा मान असतो.

आणि बिदरी. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, त्यावर छिन्नीने नक्षी खोदतात आणि खाचेत चांदीची तार हातोडीने ठोकून बसवतात. तोवर सगळं राखाडी, तार कुठे आणि भांडं कुठे नीट कळतही नाही. मग किल्ल्यातली जुनी माती नवसागराच्या पाण्यात उकळून त्यात भांडं बुडवलं की धातू काळाकुट्ट होतो आणि चांदी तेवढी पांढरी राहते. माती कुठलीही चालत नाही. ऊन-पावसापासून आडोशाला राहिलेली लागते, आणि कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. गावातल्या चौबारा मनोऱ्याच्या आसपास दुकानांमागेच काम चालतं. विकत काही घेतलं नाही तरी बसून बघू देतात. विजापुरात असं हातात धरायला काही नाही.

जाणं, खाणं, गुडघे

विजापूरला पोचणं सोपं: सोलापूरहून रेल्वे, एसटी आणि कर्नाटकच्या सरकारी बसेस. बीदरला लातूर-उदगीरकडच्यांना जवळ, हैदराबादहून साधारण तीन तास, आणि मुंबईहून आठवड्यातले काही दिवस थेट गाडी असते. पुणेकरांनी बीदरसाठी एक रात्र प्रवासात धरावीच.

खाण्यात विजापूर जिंकतं. लिंगायत खानावळीत ज्वारीची कडक भाकरी, एण्णगाई म्हणजे तेलात माखलेली भरली वांगी, शेंगाचटणी आणि दही. बीदरचं ताट हैदराबादकडे झुकलेलं, त्यामुळे बिर्याणीवाल्यांची चंगळ. शाकाहारी असाल तर नानक झिरा गुरुद्वारात लंगर आहे, आणि सासूबाईंना तिथला झराही आवडेल. भाषेची अडचण दोन्हीकडे नाही. विजापुरात मराठी कळते, बीदरमध्ये दख्खनी हिंदी आणि मराठी दोन्ही चालतात.

गुडघ्यांचं म्हणाल तर बीदर. किल्ल्यात गाडी बरीच आतपर्यंत जाते, अष्टूरला तर थेट दारात. विजापुरात सासूबाईंना गोलघुमटाच्या खालच्या दालनात बसवावं लागेल, आणि वर काय झालं ते नातू खाली येऊन सांगेल. आवाज खालीही घुमतो, त्यामुळे अगदीच वाया जात नाही.

बहिणीला मी विजापूर सांगितलं, मुलाकडे बघून. शुक्रवारी रात्री पोचा, शनिवारी पहाटे गोलघुमट, नाश्त्यानंतर मुलूखमैदान, दुपारी झोपा, चार वाजता इब्राहिम रोजा. रविवारी बारा कमान, जामा मशीद आणि परत. सासूबाई एकट्या असत्या तर डोळे मिटून बीदर सांगितलं असतं.

दोन्ही एकाच दौऱ्यात करायची हौस असणाऱ्यांना तीन रात्री लागतील, कारण मध्ये अडीचशेहून जास्त किलोमीटर आहेत. पण मग गुलबर्ग्यावरून जा आणि किल्ल्यातल्या जामा मशिदीत अर्धा तास थांबा. १३६७ ची ही मशीद आहे आणि तिला अंगणच नाही, सगळीच्या सगळी छपराखाली. आत कमानींमागे कमानी, त्यांच्यामागे आणखी कमानी. बाहेर उन्हात डोळे दिपून आत शिरलात तर सरावायला मिनिटभर लागतं, तेवढा वेळ दारातच उभे राहा.