चांगआन, कायफंग की बीजिंग: जुन्या चिनी राजधानीचा कारभार समजून घ्यायचा तर सुरुवात कुठून करावी

जुन्या चीनमध्ये राजधानी कशी चालवायचे हे ज्याला नीट समजून घ्यायचंय, प्लॅनिंगच्या प्रोजेक्टसाठी म्हणा किंवा तिकडे फिरायला जायच्या आधी म्हणा, त्याने सगळी घराणी एकदम हातात घेऊ नयेत, नुसती नावं पाठ होतात. तीन शहरं बास झाली: तांग घराण्याचं चांगआन म्हणजे आजचं शीआन, सुंगांचं कायफंग, आणि मिंग-चिंगांचं बीजिंग. आणि एकच घ्यायचं असेल तर मी कायफंग सांगेन.

चांगआन कळायला सगळ्यात सोपं, कारण ते कागदावर आधी आखलं आणि मग बांधलं. 582 मध्ये, तांगांच्या आधीच्या स्वी घराण्याच्या काळात, यूवन काई या अधिकाऱ्याने आखणी केली, साधारण 84 चौरस किमीचा पसारा, मधला रस्ता जवळपास दीडशे मीटर रुंद, आणि शंभराच्या वर वस्त्या, प्रत्येकीला चहूबाजूंनी भिंत आणि रात्री बंद होणारे दरवाजे. शहराचे उभे दोन भाग, पूर्वेकडचा एका तालुक्याकडे, पश्चिमेकडचा दुसऱ्याकडे. संध्याकाळी आधी 400 ठोके, मग आणखी 600 ठोके ढोल वाजायचा आणि वस्त्यांचे दरवाजे बंद, त्यानंतर मोठ्या रस्त्यावर सापडलात तर 20 फटके, हे कायद्यातच लिहिलेलं होतं. आजारपण, घरातलं मंगलकार्य किंवा मयत, सरकारी तातडीचं काम, यांना सूट होती. दुकानंसुद्धा ठरलेल्या दोन बाजारांतच, दुपारी 300 ठोक्यांवर उघडणार आणि सूर्यास्ताच्या आधी बंद.

पण एवढा बंदोबस्त असूनही पोटाचा प्रश्न सुटला नाही. आजूबाजूच्या शेतीत एवढ्या लोकांचं भागायचं नाही आणि पूर्वेकडून धान्य आणायचं तर पिवळ्या नदीचा अवघड टप्पा मध्ये, त्यामुळे कित्येकदा बादशहाच दरबारासकट पूर्वेकडच्या लोयांग शहरात जाऊन राहायचा. धान्य शहरापर्यंत येत नाही म्हणून राजधानीच धान्याकडे जाते, हे मला या सगळ्यातलं फार बोलकं वाटतं.

कायफंगचं नेमकं उलटं. ती राजधानी झालीच मुळी कालव्यामुळे, ब्येन कालव्यातून वर्षाला 60 लाख शीच्या आसपास धान्य यायचं. शी हे धान्याचं माप, आणि सुंगांचं नि मिंगांचं माप सारखं नाही, त्यामुळे पुढे बीजिंगचा आकडा येईल तो याला थेट लावू नका. वस्त्यांच्या भिंती इथे टिकल्या नाहीत, रस्त्याला तोंड करून दुकानं आली, आणि 965 मध्ये सरकारने स्वतःच हुकूम काढला की रात्रीचा बाजार मध्यरात्रीपर्यंत चालला तरी अडवू नका. मग कारभार्‍यांपुढे जे प्रश्न आले ते चांगआनला माहीतच नव्हते: लोकं दुकानं रस्त्यावर पुढे सरकवतायत, लाकडी घरं एकमेकांना चिकटलेली, कुठे ठिणगी पडली की अख्खी गल्ली जाणार. आगीसाठी उंच जागी विटांचे मनोरे, वर पहारेकरी, खाली बादल्या-शिड्या घेऊन सैनिक तयार, शिवाय दर तीनशे पावलांवर पाच शिपायांची चौकी. आणि बाओ चंग, ज्याला चीनमध्ये आजही न्यायाचा माणूस म्हणून मानतात, तो इथला मुख्य अधिकारी असताना पूर आला, तेव्हा बड्या लोकांनी ह्वीमिन नदीच्या काठावर अतिक्रमण करून बागा-मंडप बांधलेत म्हणून पाणी तुंबलंय हे पाहून त्याने ते सगळे पाडायला लावले. त्यानेच कचेरीचा मुख्य दरवाजाही उघडला, लोकांना तक्रार घेऊन थेट समोर येता यावं म्हणून, मधल्या कारकुनांना टाळून. गेटच बंद करून टाकलं की शहर सांभाळणं सोपं, उघडं ठेवून सांभाळणं अवघड, आणि माझ्या मते खरा कारभार कायफंगमध्येच दिसतो.

बीजिंग निवडावं ते कचेऱ्यांची गुंतागुंत बघायची असेल तर. 1421 पासून मिंगांची राजधानी, धान्य इथेही दक्षिणेतूनच, वर्षाला 40 लाख शी. चिंग काळात तर शहरच विभागलं, 1648 मध्ये हान, म्हणजे बहुसंख्य चिनी लोकांना आतल्या शहरातून बाहेरच्या शहरात हलवलं आणि आत मांचू, म्हणजे चिंग राज्यकर्ते ज्या समाजाचे त्यांच्या लष्करी तुकड्यांची कुटुंबं राहिली. त्यात जिल्ह्याचा अधिकारी वेगळा, शहराच्या पाच भागांवर देखरेख करणारे वेगळे, नऊ दरवाजांचा लष्करी सरदार वेगळा, त्यामुळे एखाद्या भांडणात कोण लक्ष घालणार हे आधी ठरवावं लागायचं. रात्री गल्ल्यांच्या तोंडाशी लाकडी फाटकं लागायची, म्हणजे चांगआनची सवय थोडी परत आली.

आता प्रत्यक्ष जायचं असेल तर हिशोब बदलतो. कायफंगचं सुंगकालीन शहर पुरांच्या गाळाखाली गाडलं गेलंय, वर 1049 चा लोखंडी पॅगोडा म्हणतात तो उभा आहे, नाव लोखंडी पण आहे चकाकत्या विटांचा. शीआनची आज दिसणारी भिंत मिंग काळातली आहे आणि तांग शहराच्या मानाने खूप लहान जागेभोवती आहे, ती बघून चांगआन एवढंच होतं असं समजू नका. बीजिंगमध्ये ढोल मनोरा आणि घंटा मनोरा बघता येतात, मिंग काळातली धान्याची कोठारंही नानशिनत्सांगला उभी आहेत. म्हणून वाचायला कायफंग, चालायला बीजिंग, आणि ज्याला नकाशे काढायला आवडतात त्याने चांगआनच धरावं.