बिऱ्हाड हलवायचं तर कुठं: एक्स, मॅस्टोडॉन, ब्ल्यूस्काय की नोस्टर?

सोशल नेटवर्क निवडताना मी आधी बाहेर पडायचं दार बघतो. उद्या इथून निघायचं ठरवलं, तर माझं नाव, माझी माणसं आणि माझं लिखाण यांपैकी काय माझ्याबरोबर येईल? कंपन्यांची खरी ताकद ॲपमध्ये नाही. आपली माणसं तिथं अडकलेली असतात, त्यात ती आहे.

एक्सपासून सुरुवात करू. ऑक्टोबर २०२२मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला ट्विटर, म्हणजे आजचं एक्स, घेतलं. त्याच डिसेंबरमध्ये मॅस्टोडॉनसारख्या ठिकाणांच्या लिंक देण्यावर बंदी आली. ओरड झाल्यावर ती मागे घेतली गेली, पण दाराला कुलूप लावायची किल्ली कोणाकडे आहे ते सगळ्यांना दिसलं. जानेवारी २०२३मध्ये बाहेरच्या लोकांनी बनवलेली ॲप बंद पडली. वर्षानुवर्षं ती वापरणाऱ्यांना कोणी विचारलंही नाही. इथून जाताना जुन्या पोस्टची प्रत उतरवून घेता येते, फॉलोअर मात्र मागेच राहतात.

मॅस्टोडॉनची घडण ईमेलसारखी आहे. खातं कुठल्याही सर्व्हरवर काढा, दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलता येतं. ओयगेन रोख्को या जर्मन प्रोग्रॅमरने २०१६ साली ते सुरू केलं. सर्व्हरांची आपसातली भाषा म्हणजे ॲक्टिव्हिटीपब हा प्रोटोकॉल, आणि २०१८पासून तो डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानक आहे. जाहिराती नाहीत, पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसतात. सर्व्हर बदलला की फॉलोअर आपोआप तुमच्या मागे येतात. पोस्ट येत नाहीत.

इथं एक खाच आहे, आणि नवखी माणसं नेमकी तिथंच ठेचकाळतात. फॉलोअर हलवायला जुना सर्व्हर चालू असावा लागतो. फेब्रुवारी २०२४मध्ये क्वियर.एएफ या सर्व्हरचा पत्ता एकाएकी गेला, कारण ‘एएफ’ हे अफगाणिस्तानचं डोमेन, म्हणजे वेब-पत्त्याचं शेपूट, आणि त्याचा ताबा तालिबानकडे. म्हणजे कंपनीची सत्ता गेली तरी सत्ता संपत नाही. ती सर्व्हर चालवणाऱ्याकडे आणि डोमेन देणाऱ्याकडे जाते. फरक इतकाच की हा मालक तुम्ही निवडलेला असतो, आणि तो बदलता येतो. मला हा फरक फार मोठा वाटतो.

ब्ल्यूस्काय कागदावर याच्याही पुढं आहे. २०१९मध्ये ट्विटरच्याच आत या कल्पनेला सुरुवात झाली, पुढं स्वतंत्र कंपनी झाली. त्याच्या एटी प्रोटोकॉलमध्ये खातं हलवताना फॉलोअर आणि पोस्ट दोन्ही बरोबर नेता येतात, आणि स्वतःचं डोमेन हेच तुमचं नाव होऊ शकतं. फीडही स्वतः निवडायचं. पण बहुसंख्य खाती अजून त्या एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत, बहुतेकांची ओळख नोंदवणारी यादीही तिनेच सुरू केलेली आहे, आणि तिच्यात गुंतवणूकदारांचा पैसा आहे. दार आहे, पण त्यातून फारसं कोणी गेलेलं नाही.

नोस्टरवर खातं देणारं कोणीच नाही. तुमच्याकडे एक खासगी किल्ली, म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक गुप्त ओळ असते, तीच तुमची ओळख. त्यामुळे कोणी हाकलू शकत नाही. पण किल्ली हरवली तर परत देणारंही कोणी नाही, आणि चोरीला गेली तर चोर म्हणजेच तुम्ही. तांत्रिक गोष्टींची सवय नसेल तर मी हे सुचवणार नाही.

तर काय घ्यावं? संस्था किंवा सरकारी कार्यालय असेल तर स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर. जर्मनीच्या केंद्रीय सरकारी कार्यालयांसाठी असा सर्व्हर आहेच, आणि पत्त्यावरूनच खातं खरं असल्याचं कळतं. एका विषयाला धरून जमलेल्या गटालाही हेच बरं. ट्विटरची सवय असलेल्या एकट्या लेखकाला किंवा पत्रकाराला ब्ल्यूस्काय सोपं जाईल, मात्र स्वतःच्या डोमेनचं नाव पहिल्याच दिवशी लावून घ्यावं.

मॅस्टोडॉनवर जाणार असाल तर सर्व्हर त्यांच्या अधिकृत यादीतूनच निवडा. त्या यादीतल्यांनी रोज बॅकअप घेण्याचं आणि सर्व्हर बंद करायचा झाल्यास किमान ३ महिने आधी कळवण्याचं वचन दिलेलं असतं. बिऱ्हाड हलवायला तेवढे दिवस पुरतात.