बेब्लेड एक्सच्या स्पर्धा: काही महिन्यांच्या वापरानंतर स्टेडियम आणि नियमांबद्दल

गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांपासून दादरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बेब्लेड एक्सचे, म्हणजे लाँचरने सोडून एकमेकांवर आदळवायच्या भोवऱ्यांचे (एकेक भोवरा म्हणजे 'बे'), सामने नियमित चालू आहेत. दोन एक्स्ट्रीम स्टेडियम (बे ज्यात लढतात ती वाडग्यासारखी मैदानं), आठ ते पंधरा वयाची मुलं आणि आळीपाळीने पंच होणारे आम्ही तिघं. खेळणं दणकट आहे, त्याबद्दल फारसं बोलायला नको. घरी दोघं खेळतात तेव्हा नियमांची कुणाला पडलेली नसते. सोळा मुलं आणि एक करंडक समोर आला की मात्र प्रत्येक फेरीत कुणीतरी "अंकल, चिटिंग!" म्हणून ओरडतं. भांडण किती गुण मिळाले यावरून क्वचितच होतं, आधी काय घडलं यावरून रोज होतं. त्यामुळे पुढचं बरंचसं लिखाण नियमांबद्दलच आहे.

नवीन पालकांसाठी थोडक्यात: ही एक्स मालिका टाकारा टोमी या जपानी खेळणी कंपनीने जुलै २०२३ मध्ये जपानमध्ये आणली, नंतर हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने बाहेरच्या देशांत. बहुतेक बेंचे तीन भाग असतात. वर धातूचं ब्लेड, मध्ये रॅचेट, खाली टेकणारं बिट. 'ड्रान स्वोर्ड ३-६०एफ' म्हणजे ड्रान स्वोर्ड ब्लेड, तीन बाजूंचं ६.० मिलिमीटर उंचीचं रॅचेट आणि फ्लॅट बिट. स्टेडियमच्या कडेला दात्यांची पट्टी आहे. बिटवरचे दाते तिच्यात अडकले की बे एकदम सुसाट सुटतो. त्यालाच एक्स डॅश म्हणतात. एका बाजूला तीन खळगे आहेत, मधला एक्स्ट्रीम झोन आणि त्याच्या दोन्ही अंगांना ओव्हर झोन.

गुणांची पद्धत मला मनापासून आवडली. समोरचा आधी थांबला तर स्पिन फिनिश, १ गुण. ओव्हर झोनमध्ये पडला तर २, सुटा झाला म्हणजे बर्स्ट झाला तर २, एक्स्ट्रीम झोनमध्ये गेला तर ३. आधी ४ गुण करेल तो जिंकला. म्हणजे नुसतं फिरत राहणाऱ्या बेला चार वेळा जिंकावं लागतं, मारणाऱ्याला दोनदा पुरतं. बरोबरी सोडली तर सामना कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त सात लढतींत संपतो. हा हिशेब मुलांना आधी समजावून सांगा. थ्री-ऑन-थ्रीमध्ये, म्हणजे प्रत्येकाने तीन बे ठरवलेल्या क्रमाने खेळवायच्या सामन्यात, सगळ्यात भरवशाचा बे 'शेवटी काढू' म्हणून तिसऱ्या नंबरला ठेवणारी मुलं तो हातात धरूनच हरतात.

थ्री-ऑन-थ्रीचा मुख्य नियम असा की तीन बेंमध्ये एकही भाग दोनदा येता कामा नये. ब्लेड वेगळं आणि रॅचेट दोन्हीकडे ३-६० असेल तरी डेक (तीन बेंचा संच) बाद. मुलं ब्लेड नीट तपासतात, पण बिट हमखास विसरतात, आणि टेपर किंवा बॉल बिट दोन बेंना लागलेलं सापडतं. रंग वेगळा म्हणून भाग वेगळा ठरत नाही. सगळ्यात जास्त घोळ नावांनी होतो. टाकारा टोमीचा ड्रान स्वोर्ड हाच हॅस्ब्रोकडे स्वोर्ड ड्रान आहे, नाइट शील्ड तिथे हेल्म नाइट होतो आणि हेल्स सायथचं नाव सायथ इन्सेंडिओ. दोन पेट्यांवर दोन नावं बघून मुलगा प्रामाणिकपणेच दोन्ही घेऊन येतो. नोंदणीच्या टेबलावर या जोड्यांचा कागद चिकटवून ठेवा आणि तपासणी पहिल्या सामन्याआधीच उरका.

बेंचा क्रम समोरच्याला न दाखवता ठरवायचा. तिन्ही खेळून झाले आणि ४ गुण कुणाचेच नसतील तर क्रम बदलता येतो, भाग बदलता येत नाहीत. भागांची अदलाबदल फक्त दोन सामन्यांच्या मध्ये, तीही टेबलासमोर. खिशात हात घालून जुळवाजुळव चालणार नाही हे स्पष्ट सांगावं लागतं.

लाँचबद्दल आम्ही ठरवलेलं असं: "थ्री, टू, वन" पंच म्हणेल, "गो शूट" सगळे मिळून. आधी सोडलं, उशिरा सोडलं किंवा बे स्टेडियमबाहेर पडला तर तो मिस. पहिल्या मिसला पुन्हा लाँच, त्याच लढतीत दुसऱ्यांदा झालं तर समोरच्याला १ गुण. हवेतच दोन्ही बे आपटले तर मिस कुणाचाच नाही, पुन्हा सोडा. हात किंवा लाँचर स्टेडियमला टेकता कामा नये आणि डोकं काठाच्या आत येता कामा नये. हे शिस्तीपेक्षा डोळ्यांसाठी जास्त आहे, धातूचं ब्लेड उडालं तर ते लागतं. छोट्यांना गुडघ्यांवर बसू देऊ नका, उभंच करा.

आता खरी डोकेदुखी, निकाल.

बर्स्ट आणि ओव्हर एकत्र झाले तर गुण सारखेच, वाद घालायचं कारण नाही. पण बे आधी फुटला आणि त्याचं ब्लेड घरंगळत एक्स्ट्रीम झोनमध्ये गेलं तर २ द्यायचे की ३? आम्ही जे आधी घडलं ते धरतो, म्हणजे बर्स्ट, २ गुण. अख्खा बे खळग्यात पडून तिथे आपटून सुटा झाला तर एक्स्ट्रीम, ३. हे डोळ्यांनी पकडणं अवघड जातं. फोन छोट्या ट्रायपॉडवर खळग्यांच्या समोर लावून स्लो मोशन चालू ठेवली की निम्मे वाद तिथेच मिटतात. रेकॉर्डिंग फक्त पंच बघणार. पालकांच्या फोनमधला व्हिडिओ पुरावा म्हणून घ्यायचा नाही, नाहीतर अर्धी संध्याकाळ त्यातच जाते.

फ्लॅट बिटचा बे कुणालाही न शिवता पट्टी पकडून स्वतःच बाहेर जातो, हेही होतंच. त्याबद्दल समोरच्याला ३ गुण देणं आम्हाला पटलं नाही. काहीच न करता पाऊण सामना हातात येतो आणि मुलं मारणारे बे काढायला घाबरतात. म्हणून शिवाशिव न होता बाहेर गेला तर १ गुण. टक्कर झाली की धातूचा कडक 'टण्' आवाज येतो, तो आला नसेल तर शिवला नाही असं धरा. त्यासाठी लढतीपुरता हॉल शांत हवा आणि खुर्च्या सरकवायच्या नाहीत. खळग्याच्या काठावर आपटून आत परतलेला बे फिरत असेल तर लढत चालू.

स्पिन फिनिश सोपं वाटतं, पण अजिबात नसतं. शेवटी बे कलतो, कड जमिनीला घासायला लागते, ब्लेडवरचं स्टिकर ओळखू येतं आणि मुलं "थांबला, थांबला" म्हणून ओरडतात. तो तेव्हा थांबलेला नसतो. रॅचेटच्या कडेवर लोळत अजून दोन-तीन वेढे घेतो, आणि तेवढ्यात समोरचा गप्पकन बसतो. लोळणं पूर्ण थांबेपर्यंत तो जिवंत. कोबाल्ट ड्रॅगूनसारखा डावीकडे फिरणारा बे आला की आणखी कठीण. उलट दिशांचे दोन बे घासत राहिले की एकमेकांचा वेग घेतात आणि जवळजवळ एकाच क्षणी बसतात. स्लो मोशनमध्येही फरक दिसला नाही तर बरोबरी, गुण नाही, तेच दोन बे पुन्हा. दोन्ही एकदम खळग्यात गेले तरी हेच.

पंच निकाल जाहीर करेपर्यंत बेला कुणी हात लावायचा नाही. लावला तर लढत समोरच्याची. हा नियम कठोर वाटेल, पण जिंकल्याच्या आनंदात बे उचलणारी मुलं पुरावाच नाहीसा करतात.

वेळेचं गणित सांगतो. एक सामना बदलाबदलीसह साधारण सहा मिनिटं घेतो. सोळा मुलांची सरळ बाद फेरी म्हणजे १५ सामने, एका स्टेडियमवर दीड तास. पण आठ मुलं एकच सामना खेळून घरी जातात आणि आया नाराज होतात. चारचे चार गट केले तर २४ सामने, त्यातले प्रत्येकी दोन वर गेले की आणखी ७, एकूण ३१. हे दोन स्टेडियमवर दीड तासाच्या थोडं वर जातं. फायनल आम्ही ७ गुणांची ठेवतो, एका एक्स्ट्रीमवर निकाल लागू नये म्हणून.

वस्तूंची झीज. वाइंडरचे, म्हणजे ओढायच्या दातेरी पट्टीचे, दाते आधी जातात. लाँच करताना 'खर्र' असा आवाज आला आणि झटका सुटला तर पट्टी बदला, मुलाचा दोष नसतो. फ्लॅट बिटची कड गोल होते, मग बे पूर्वीसारखा पट्टी पकडत नाही. वारंवार बर्स्ट होणाऱ्या बेचं रॅचेट आधी तपासा. बऱ्याच वेळा ते झिजलेलं नसतंच, फिरवून बसवताना शेवटचा 'टिक' झालेला नसतो. ८० उंचीचं रॅचेट ६० वाल्यासमोर उघडं पडतं आणि त्यालाच मार बसतो, त्यामुळे ते थोडं जास्त सुटणारच. स्टेडियममध्ये पांढरा प्लास्टिकचा भुसा साचतो, दर चार-पाच सामन्यांनी सुक्या फडक्याने पुसा. तेल किंवा पावडर लावायची नाही. पावसाळ्यात हॉलच्या लाद्या दमट होतात, स्टेडियम सरकतं. खाली जाळीची रबरी मॅट घाला आणि फोनच्या लेव्हल ॲपने सपाटी बघा. जरा उतार असला तरी बॉल बिटचे बे सगळे एकाच बाजूला जमतात.

क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत मिळणारे नकली बे स्पर्धेत घेऊ नका. दिसायला हुबेहूब, पण रॅचेटचा खाचा सैल किंवा फार घट्ट असतो, त्यामुळे एकतर पहिल्याच टकरीत फुटतात नाहीतर फुटतच नाहीत. दुसरा प्रकार जास्त अन्यायाचा. तपासणीसाठी एक अस्सल ब्लेड टेबलावर ठेवा आणि मुलाचं रॅचेट त्यात फिरवून बघा, हाताला लगेच कळतं. नकली निघाला तर मुलाला परत पाठवू नका. दोन-तीन बेंचा सोसायटीचा संच जवळ ठेवा आणि तो खेळायला द्या.