‘असर’ची वाचन-गणित चाचणी: शाळा व्यवस्थापन समितीने वापरावी का?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. तरी बैठकीत चर्चा होते ती रंगकाम, पाण्याची टाकी आणि पोषण आहाराची. मुलांना वाचता येतं का, हे तपासायचं कसं ते पालकांना कुणी दाखवलेलंच नसतं. ‘असर’ची चाचणी त्यासाठी फार चांगली आहे. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ या ग्रामीण सर्वेक्षणातलं हे साधन मराठीत आणि मोफत मिळतं. सफाईने वाचता येणारी कुणीही आई ती घेऊ शकते.

कागदावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. सुरुवात परिच्छेदापासून करायची. मूल सलग वाचत असेल आणि चुका तीनपेक्षा जास्त नसतील, तर गोष्ट द्यायची. अडलं तर शब्द. पाचपैकी चार बरोबर हवेत. शब्द जमले तर परिच्छेद पुन्हा द्यायचा, ही पायरी गाळू नका. काही मुलं नुसत्या भीतीने अडखळलेली असतात. शब्दही नाही जमले तर अक्षरं, तिथेही पाचपैकी चार.

गणितात आधी हातच्याच्या दोन वजाबाक्या. दोन्ही बरोबर आल्या तर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगायचं. भागाकार आणि बाकी दोन्ही बरोबर हवेत. वजाबाकी चुकली तर दोन अंकी संख्यांची ओळख, मग एक अंकी.

बिघडतं ते बहुधा घेण्याच्या पद्धतीत. सगळ्यांसमोर चाचणी घेतली की रांगेतली मुलं परिच्छेद ऐकून पाठ करतात. म्हणून मुलाला बाजूला बसवा आणि वेगवेगळे नमुने आलटून-पालटून वापरा. पहिलं अक्षर पुटपुटून मदत करू नका. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाची ती चूक धरू नये, ती घरची बोली आहे. आणि पाचवीतल्या मुलाने गोष्ट वाचली म्हणजे त्याला पाचवीचं येतं असं नाही. ही दुसरीची पातळी आहे, आणि समज तर इथे मोजलीच जात नाही.

मोठी मर्यादा उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात दिसली. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २८० गावांत प्रयोग केला. निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. काही गावांत लोकांना शाळेवर देखरेख ठेवणाऱ्या ग्राम शिक्षण समितीची माहिती दिली, काही ठिकाणी त्याच्या जोडीला अशी चाचणी घेऊन गावाचं प्रगतिपत्रकही करायला शिकवलं. दोन्हीकडे शिक्षणात फरक पडला नाही. तिसऱ्या गटात गावातल्या स्वयंसेवकांना वाचन शिकवण्याचं प्रशिक्षणही मिळालं. त्यांच्या वर्गांना थोडीच मुलं आली, पण आलेल्यांचं वाचन स्पष्ट सुधारलं.

त्यामुळे चाचणीच्या आधीच दोन गोष्टी ठरवा: रोजचा एक तास कोणता, आणि शिकवायला कोण येणार. गट इयत्तेनुसार नको, पातळीनुसार करा: अक्षरवाल्यांना बाराखडीचे तक्ते, शब्दवाल्यांना छोटे उतारे. हे सगळं शाळा विकास आराखड्यात लिहून घ्या, म्हणजे पुढच्या बैठकीत विचारता येतं. भिंतीवर मुलांची नावं लावू नका. प्रत्येक पातळीवर किती मुलं आहेत तेवढा आकडा पुरे. शिक्षकांना आधी विश्वासात न घेता निकाल थेट ग्रामसभेत वाचणार असाल, तर ही चाचणी घेऊच नका.