बॅजचे १८,००० रुपये : बेलेमच्या हवामान परिषदेच्या नावाने झालेली फसवणूक

ब्राझीलमधल्या बेलेमला नोव्हेंबर २०२५ मध्ये होणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेला प्रतिनिधी म्हणून पाठवतो, असं एका माणसाने सांगितलं आणि माझे एकूण ७८,४३९ रुपये गेले. अर्ज शुल्क २,४९९, प्रतिनिधी शुल्क ४८,५००, प्रवेशाचा बॅज आणि मान्यतेचे १८,०००, व्हिसापत्राचे जीएसटी धरून ९,४४०. चार हप्ते, अकरा दिवस.

वाचणारे म्हणतील, शिकलेली माणसं फसतातच कशी? अशी फसतात. समोरचा माणूस अडाण्यासारखा बोलत नव्हता. स्वच्छ पर्यावरण हा मानवी हक्क असल्याचा संयुक्त राष्ट्र आमसभेचा २८ जुलै २०२२ चा ठराव, हवामानबदलाबाबत देशांच्या जबाबदाऱ्यांवरचं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं जुलै २०२५ चं मत, सगळं त्याला तोंडपाठ होतं. बीडच्या ऊसतोड महिलांवरच्या माझ्या कामाबद्दल त्याने नेमके प्रश्न विचारले. बेलेममध्ये खोल्या मिळत नाहीत, भाडी आकाशाला भिडलीत, हे तर तेव्हा रोज बातम्यांत येत होतं. त्याचाच धाक दाखवून त्याने घाई केली.

आणि मानवी हक्कांच्या या क्षेत्रात पदरमोड करावीच लागते. संयुक्त राष्ट्र सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते. जिनिव्हा असो की न्यूयॉर्क, राहणं-खाणं, विमान, विमा आपला. त्यामुळे कोणी पैसे मागितले की खटकत नाही. फरक एवढाच, आणि तो तेव्हा कोणी सांगायला हवा होता: खरा खर्च विमान कंपनीला, घरमालकाला, वकिलातीला जातो. संधी देणाऱ्याला कधीच नाही. भरतीतला अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण, कशासाठीही संयुक्त राष्ट्रं एक पैसा घेत नाहीत.

बॅजला तर शुल्कच नसतं! हवामान परिषदेच्या ब्लू झोनसाठी, म्हणजे जिथे प्रत्यक्ष वाटाघाटी चालतात त्या भागासाठी, व्यक्तीला स्वतः नोंदणी करता येत नाही. मान्यताप्राप्त निरीक्षक संस्था आपल्या कोट्यातून नाव देते, तेही काही महिने आधी. नाव मंजूर झालं की जर्मनीतल्या बॉनच्या हवामान सचिवालयाकडून थेट ईमेल येतो आणि बॅज परिषदेच्या जागी पासपोर्ट दाखवून मिळतो. माझ्या बाबतीत परिषद १० नोव्हेंबरला आणि नामांकन ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात! बॅज पीडीएफमध्ये आला, निळी पट्टी, फोटो, नाव, सगळं. नामांकन करणाऱ्या संस्थेचं नाव विचारा, मग ती मान्यताप्राप्त यादीत शोधा. यादी सचिवालयाच्या संकेतस्थळावर उघडी आहे. पत्त्याच्या शेवटी डॉट ओआरजी दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका, ते कोणीही विकत घेतं.

पण खरी चूक त्याच्याही आधीची. ४८,५०० पाठवताना यूपीआयच्या पडद्यावर संस्थेचं नाव आलंच नाही. आलं एका माणसाचं नाव. ते वाचलं, दोन सेकंद थांबले, 'खजिनदार असेल' असं मनाशी म्हटलं आणि पिन टाकला. ते दोन सेकंद अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. नाव जुळत नसेल तर तिथेच मागे फिरा.

आता पुढचं. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्या मंजुरीचा. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "स्वतःहून पाठवले ना?" दुसऱ्या फेरीत, परदेशाचं प्रकरण, आमची हद्द नाही. तिसऱ्या फेरीत साहेब बंदोबस्ताला. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे वाचून दाखवलं तर "कायदा आम्हाला शिकवू नका." फसलेल्या माणसाने चोरासारखं बाकावर का बसायचं? सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर पहिल्या तासातच फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत सरकले की गोठवायला काही उरत नाही. माझे लाजेपायी चार दिवस गेले.

त्या लोकांकडे माझ्या पासपोर्टची प्रतही आहे. तक्रारीत ते लिहा म्हटलं, तर ठाण्यातून उत्तर आलं, "पैसे गेले तेवढंच लिहा."