एडिसन स्टँडर्ड फोनोग्राफ : पहिल्या खरेदीसाठी उत्तम, पण भाग जुळवून पाहा

सिलिंडरवर, म्हणजे आवाज कोरलेल्या पोकळ नळीवर, वाजणाऱ्या जुन्या यंत्रांचा संग्रह सुरू करणाऱ्याने पहिलं यंत्र एडिसन स्टँडर्डच घ्यावं. १८९८ साली आलेलं हे यंत्र भरपूर खपलं, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. मोटर एका स्प्रिंगची. वरचा भाग बिजागरीवर उचलला की सगळी यंत्रणा डोळ्यांसमोर येते.

यंत्र कोणत्या सालचं, हे ठरवताना धातूच्या पाटीवर घाई करू नये. पाटीवरच्या पेटंटांच्या यादीतली शेवटची तारीख हे बनावटीचं साल नव्हे. यंत्र त्याआधीचं नाही, एवढंच ती सांगते. सिरियल नंबर आणि मॉडेलचं अक्षर सोबत पाहा. बी मॉडेल १९०५चं, तर डी १९०८चं, दोन आणि चार मिनिटांची दोन्ही सिलिंडरं वाजवणारं. जुन्या यंत्रावर चार मिनिटांचे गिअर दिसले म्हणून लगेच संशय नको. १९०८ साली अँबेरोल, म्हणजे चार मिनिटांची सिलिंडरं आल्यावर जुन्या यंत्रांना बसवायचे जोड कंपनीनेच विकले होते. खरा घोळ कर्ण्यात, म्हणजे आवाज बाहेर टाकणाऱ्या भोंग्यात असतो. मूळ कर्णा हरवून नंतरचा किंवा नवा पितळी कर्णा लावलेली यंत्रं फार दिसतात, आणि त्यांना अस्सलाची किंमत देऊ नये.

विकत घेण्याआधी रिप्रोड्युसर, म्हणजे सुई आणि तिच्या कंपनांचा आवाज करणारा पडदा असलेला भाग, हातात घेऊन पाहा, कारण आवाज तिथेच घडतो किंवा बिघडतो. रिप्रोड्युसरचं मॉडेल सी दोन मिनिटांच्या सिलिंडरांसाठी, मॉडेल एच चार मिनिटांच्या. दोन मिनिटांच्या सिलिंडरवर इंचाला १०० रेघा असतात, चार मिनिटांच्या सिलिंडरवर २००. सीची जाड नीलमणी सुई बारीक रेघेत मावत नाही, मग ती मेणाचा अँबेरोल खरवडून काढते. हे नुकसान भरून येत नाही. सुईला टवका उडालाय का, हे भिंगाखाली तपासावं. आवाज खरखरीत, फाटका येत असेल, तर बहुतेक वेळा पडद्याभोवतीची रबरी वळी कडक झालेली असते. ती बदलणं सोपं आहे.

आता वेग. मँड्रेलवर, म्हणजे सिलिंडर ज्यावर सरकवतात त्या फिरत्या दांड्यावर, कागदाचा कपटा चिकटवून फेरे मोजा. १५ सेकंदांत ४० फेरे, म्हणजे मिनिटाला १६०, हे मोल्ड केलेल्या, म्हणजे साच्यातून काढलेल्या सिलिंडरांचं माप. वेग डळमळत असेल, तर आधी चामडी पट्टा पाहा. तो तेलकट किंवा सैल असतो. मग गव्हर्नरची, म्हणजे वेग एकसारखा ठेवणाऱ्या भागाची घर्षणगादी: कोरडी पडली की कुरकुरते, एक थेंब तेल पुरे. मोटरमधून धप्प धप्प आवाज येतो, तो स्प्रिंगचं जुनं वंगण घट्ट झाल्याने. स्प्रिंगचा डबा उघडण्यापूर्वी चावी पूर्ण उतरलेली असलीच पाहिजे. ताणलेली स्प्रिंग सुटली तर बोटं जातील.

कॅरेज म्हणजे रिप्रोड्युसर पुढे नेणारा भाग; त्याला स्क्रूच्या आट्यांत धरून सरकवणारा अर्धा नट झिजला असेल, तर सुई त्याच रेघेत अडकते किंवा पुढे उडी मारते. विक्रेता “सिलिंडर खराब आहे” म्हणेल, तेव्हा दुसरं चांगलं सिलिंडर लावून पाहा.

निळी अँबेरोल (१९१२ पासून) सेल्युलॉइडची असल्याने टिकाऊ असतात, पण आतलं प्लॅस्टर ओलाव्याने फुगलं की ती मँड्रेलवर पूर्ण सरकत नाहीत. जबरदस्तीने दाबू नका. मेणाची सिलिंडरं आतून दोन बोटांनी धरावीत आणि थंडीतून आणल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय वाजवू नयेत.